घर झाडताना घरच्यांना जपा

आश्विन जवळ आला की मावळातल्या पावसाचा जोर ओसरतो आणि घराघरांत झाडलोटीची लगबग सुरू होते. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यात सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक. लोहगड आणि विसापूर यांच्या पायथ्याशी वसलेल्या भाजे गावात जून ते सप्टेंबर हे चार महिने भिंतींना ओल, कौलांवर शेवाळ आणि अंथरुणांना कुबट वास हे ठरलेलेच. उन्हाची तिरीप दिसली की आधी घटस्थापनेसाठी आणि मग दिवाळीसाठी सारे घर धुऊन-पुसून निघते. गोधड्या नदीवर किंवा ओढ्यावर जातात, माळ्यावरची अडगळ खाली येते, भिंतींना चुना लागतो, पडवीतले सरपण उन्हात पडते आणि नव्या भातासाठी कणग्या झाडल्या जातात.

ही चाल आरोग्याच्या दृष्टीने फार चांगली आहे. तरीही याच दिवसांत कोणाचा दमा उसळतो, कोणाच्या डोळ्यात चुना जातो, कोणाला सरपण उचलताना विंचू चावतो, तर कोणी स्टुलावरून पडून मनगट मोडून घेते. शरद ऋतू ही वैद्यांची आई आहे, असे जुनी माणसे म्हणत, ते उगीच नाही. चार महिने भिंतीत, गादीत आणि अडगळीत साचलेली ओल, बुरशी आणि धूळ आपण एकदम हलवतो. ती घराबाहेर जाण्याऐवजी माणसाच्या छातीत जाऊ नये, यासाठी कामाचा क्रम आणि कामाची वाटणी यांचा आधी विचार करायला हवा.

दमेकऱ्याला आधी बाहेर बसवा

दमट घरात दोन गोष्टी वाढतात. एक बुरशी. भिंतीवरचे काळे-हिरवे डाग आपल्याला दिसतात, पण त्या डागांतून सुटणारे अतिसूक्ष्म कण दिसत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे धुळीतले किडे. हे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात, आणि गादी, उशी, गोधडी ही त्यांची आवडती ठिकाणे. त्यांना हवेतली ओल लागते, म्हणून पावसाळ्यात त्यांची भरभराट होते. त्यांची विष्ठा आणि मेलेल्या किड्यांचे अवशेष श्वासातून आत गेले की ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांना शिंका, डोळ्यांची खाज आणि दमा सुरू होतो.

म्हणून झाडलोटीच्या दिवशी घरातील दमेकरी माणसाला, मग ती आजी असो वा शाळकरी नातू, शेजारी किंवा नातेवाइकांकडे पाठवावे. काम संपल्यावरही दोन-तीन तास धूळ हवेत तरंगत असते. ती बसल्यावर फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि मगच त्यांना घरात घ्यावे. माळा व जळमटे काढणाऱ्याने नाकातोंडावर मास्क किंवा निदान दुहेरी सुती फडके घट्ट बांधावे. कोरडा झाडू जोरात मारण्याऐवजी आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा. माळ्यावर उंदरांच्या लेंड्या असतील तर हे अधिकच आवश्यक. हातात प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घालून त्या ओल्याच उचलाव्यात.

दम्याचे पंप नियमित घेणाऱ्यांनी या दिवसांत ते बंद करू नयेत. ‘बरे वाटतेय, आता कशाला?’ असे म्हणून रोजचा पंप सोडला जातो आणि नेमका त्याच आठवड्यात त्रास होतो. तात्काळ आराम देणारा पंप हाताशी ठेवावा. धाप इतकी लागली की एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बोलताना शब्द तुटतात, किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर घरगुती काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गोधड्या-गाद्यांना ऊन दाखवा

गाद्या, उशा आणि जाड पांघरुणे उन्हात घालण्याची आपली पद्धत शास्त्राला धरून आहे. कडक ऊन आणि कोरडी हवा यांत धुळीतले किडे सुकून मरतात. मात्र त्यांचे अवशेष कापसातच राहतात. म्हणून गादी दोन्ही बाजूंनी तापवल्यावर ती अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून झटकावी. घरातल्या घरात काठीने बडवू नये. चादरी, अभ्रे आणि धुता येतील ती पांघरुणे शक्य तर कढत पाण्यात भिजवावीत. साठ अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात हे किडे मरतात. भाजे, मळवली, कार्ला या भागांत पावसाळ्यात धबधबा, लेणी आणि गड पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना अनेक घरांतून उतरवून घेतले जाते. त्यांच्यासाठी काढलेल्या गाद्या-पांघरुणांनाही हंगाम संपल्यावर असेच ऊन दाखवावे.

ओली गोधडी भलतीच जड होते. ती एकटीने पाण्यातून ओढून काढताना कमरेत उसण भरते. दोघींनी दोन टोके धरून पिळावी. कमरेत वाकून उचलण्यापेक्षा गुडघे वाकवून उचलावे. दिवसभर सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात हात राहिले तर कातडी फाटते. काम झाल्यावर हात स्वच्छ धुऊन खोबरेल तेल चोळावे.

पावसाळ्यात जांघेत, काखेत किंवा कमरेला नायटा उठलेला असेल तर त्या माणसाचे कपडे, टॉवेल आणि अंथरूण वेगळे धुऊन उन्हात वाळवावे. दुकानातून मिळणारे कोणतेही मलम मनाने लावू नये. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज चार दिवस थांबते आणि नायटा मात्र पसरतो, पुढे औषधालाही दाद देईनासा होतो. घरात दोघा-तिघांना नायटा असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

बुरशी, ओल आणि चुना

भिंतीवरची बुरशी कोरडी खरवडू नये. त्याने ती सगळ्या खोलीभर उडते. साबणाच्या पाण्याने भिंत ओली करून घासावी, पुसून घ्यावी आणि दारे-खिडक्या उघडून पुरती वाळू द्यावी. कौल फुटले असेल, पन्हळीचे पाणी भिंतीवर उतरत असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. ओल येण्याची वाट बंद झाली नाही तर बुरशी पुढच्या वर्षी त्याच जागी उगवते.

बुरशीसाठी काही जण ब्लीचिंग पावडर वापरतात. ती वापरताना खोली उघडी असावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि बंद मोरीत काम करणाऱ्याचा जीव घुसमटतो.

आपल्या वाडवडिलांनी भिंतीला चुना लावायची रीत घातली तिच्यामागे चांगले कारण आहे. चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, आणि चुन्याच्या थरातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. ओल्या भिंतीवर तेलरंग दिला तर ओल आतच अडकते आणि काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात.

मात्र चुन्याचा हाच तिखटपणा माणसाला भोवतो. चुनकळी पाण्यात पडली की पाणी उकळू लागते आणि शिंतोडे उडतात. पिंपात आधी पाणी घ्यावे व त्यात चुनकळी थोडी थोडी सोडावी. चुनकळीच्या ढिगावर वरून पाणी ओतू नये. प्लास्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते, तेव्हा लोखंडी पिंप किंवा घमेले वापरावे. पोरेबाळे दूर ठेवावीत आणि चुना रात्रभर निवू द्यावा. छताकडे ब्रश फिरवताना थेंब थेट डोळ्यांत पडतात, म्हणून चष्मा लावावा. दुचाकी चालवताना वापरतो तो साधा गॉगलही चालेल.

डोळ्यात चुना गेला तर

हा मजकूर कापून घरात लावून ठेवावा. डोळ्यात चुना गेला तर त्याच क्षणी, जिथे असाल तिथे, स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला सुरुवात करावी. पापण्या बोटांनी उघड्या धरून तांब्याने पाण्याची संथ धार सोडावी आणि अर्धा तास तरी धुवत राहावे. डोके कलते ठेवावे, म्हणजे ते पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. चुन्याचा कण दिसत असेल तर पाण्याच्या धारेने किंवा ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावा. डोळा चोळू नये. तूप, मध, दूध, गुलाबपाणी यांतले काहीही घालू नये. धुऊन झाल्यावर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. आधी डॉक्टर आणि मग पाणी, असा उलटा क्रम कदापि नसावा. चुन्यासारखा क्षार ॲसिडपेक्षाही खोलवर शिरतो आणि जाणारे प्रत्येक मिनिट बुबुळाचे नुकसान करते.

याच जोडीला पान-तंबाखूच्या चुन्याचे सांगायला हवे. चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुले खेळायला घेतात, दाबतात, आणि ती फुटून चुना डोळ्यात उडतो. अशा अपघाताने कायमची दृष्टी गेलेली मुले नेत्ररुग्णालयांत येत असतात. आजोबांची चंची मुलांचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीवर असावी.

शिडी, वीज आणि जुना रंग

स्टुलावर डबा ठेवून त्यावर चढणे हा हाडे मोडण्याचा हमखास मार्ग आहे. शिडी सपाट जमिनीवर ठेवावी आणि एकाने खालून धरावी. साठी ओलांडलेल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी वर चढूच नये. ओल्या भिंतीतल्या वीजतारांचा भरवसा नसतो. भिंत धुण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग घासून काढायचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. पूर्वीच्या रंगांत शिसे बरेच असे. घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची कोरडी धूळ मुलांच्या पोटात गेल्यास त्यांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. रंग पाणी लावून घासावा आणि मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

सरपण, गोवऱ्या आणि परसातले पाहुणे

पडवीतले सरपण, गोवऱ्यांचा ढीग, जुनी कौले, दगडांची रास आणि पेंढा यांत पावसाळाभर उंदीर राहतात. उंदरांमागे साप येतो आणि गारव्याला विंचू येतो. ढिगात थेट हात घालू नये. आधी काठीने हलवावे, जरा थांबावे, पायांत बूट असावेत. अंधार पडल्यावर ढीग उपसू नये. सरपणाची नवी रास घराच्या भिंतीला टेकवून न रचता थोडी दूर, जमिनीपासून उंच रचावी.

विंचवाच्या बाबतीत सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी एक नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर ‘प्राझोसिन’ हे रक्तदाबावरचे औषध गुणकारी ठरते, हे १९८० च्या दशकात कोकणातल्या रुग्णांवर उपचार करत दाखवून दिले. त्यामुळे या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झाल्यावर नुसती जागा दुखत असेल तर भीतीचे कारण कमी. परंतु दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड किंवा धाप ही लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलात, तर लगेच रुग्णालयात न्यावे.

सर्पदंशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष मुख्यतः जीवघेणे असते. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चौघांवर चालते. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळून बांधू नये. अंगठी, पैंजण, कडे काढून ठेवावे. माणसाला धीर देऊन, चालू न देता, दंश झालेला भाग हलणार नाही असा ठेवून रुग्णालयात न्यावे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मांत्रिकाकडे घालवलेला तासच पुष्कळदा प्राण घेतो. मण्यारीचा दंश तर रात्री जमिनीवर झोपलेल्यास होतो आणि जागा फारशी दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली तर हा संशय धरावा. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा त्यावरचा साधा उपाय.

परसातले वाढलेले गवत आणि झुडपे काढून टाकावीत. त्यातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने ‘स्क्रब टायफस’ हा ताप येतो. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, ती काखेत किंवा जांघेत लपलेली असते. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या खाचरातल्या पाण्यातून ‘लेप्टो’चा ताप येतो. त्यात पोटऱ्या ठणकतात आणि डोळे लाल होतात. दोन्ही तापांवर वेळीच दिलेली प्रतिजैविके उत्तम काम करतात. म्हणून भातकापणीच्या दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना ‘खाचरात काम केले होते, गवत काढले होते’ हे आपणहून सांगावे.

पाण्याची भांडी घासूनच काढा

पाऊस थांबला तरी डेंग्यूचा डास थांबत नाही. तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. ही अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून टाकणे पुरेसे होत नाही. पिंप, रांजण, हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून आतली कड काथ्याने घासावी आणि वाळवावी. ताडपत्रीच्या घड्या, फुटके माठ, टायर, फ्रिजमागचे तबक आणि मुलांनी दिवाळीत केलेल्या किल्ल्यावरचे तळेही तपासावे. खरे गड डोक्यावर असलेल्या भाज्यातल्या मुलांना किल्ला करण्याची हौस असणारच. फक्त माती गटाराकाठची नसावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

नवे भात आणि कणगीतले विष

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले ‘इंद्रायणी’ भात आज मावळची ओळख झाले आहे. दिवाळीच्या आगेमागे ते घरात येते. भातात ओलावा चौदा टक्क्यांहून कमी असेल तर ते बुरशीपासून व किडीपासून बरेचसे सुरक्षित राहते. दाताखाली दाणा कट्कन तुटला तर तो वाळला, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. कणगी आधी झाडून उन्हात तापवावी आणि जमिनीपासून उंच ठेवावी.

किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात मुळीच ठेवू नयेत. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. धान्याच्या खोलीत किंवा तिच्या शेजारी झोपलेल्या माणसांचे जीव या वायूने गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. बाजारात मिळणाऱ्या पारदाच्या टिकड्याही धान्यात घालू नयेत. पारा हे विषच आहे. चांगले वाळवलेले धान्य, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाची कोठी एवढ्यावर घरचे धान्य टिकते.

काम वाटून घ्या

सर्वांत शेवटी त्या बाईविषयी, जिच्या शिरावर हे सारे असते. घटस्थापनेपूर्वी तिने सारे घर धुतलेले असते. मग नऊ दिवसांचा उपवास, त्यात भाताची कामे, पाठोपाठ दिवाळीचा फराळ. ऑक्टोबरचे ऊनही कडक असते. उपवास असला तरी पाणी, ताक, लिंबूपाणी घेत राहावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी गोळी घेऊन गोधड्या धुवायला बसल्यास साखर एकाएकी उतरते. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले तर लगेच साखर किंवा गूळ खावा. देवीला त्याचा राग येणार नाही.

हे सर्व काम एका दिवसात उरकण्याचा अट्टहास नको. घरातल्या सर्वांनी एका संध्याकाळी बसून चार-पाच दिवसांची वाटणी करावी. पहिल्या दिवशी माळा आणि अडगळ, दुसऱ्या दिवशी गाद्या-गोधड्या, मग भिंती, मग परस, शेवटी कणगी. चढण्याचे आणि चुन्याचे काम घरातल्या धडधाकट तरुणांनी घ्यावे, गोधड्या पिळायला पुरुषांनीही हात लावावा, आणि दमेकऱ्याकडे बाहेर बसून निवडण्या-टिपण्याचे काम द्यावे. कोजागरीच्या रात्री अंगणात दूध आटवताना सगळे घर धडधाकट बसलेले असावे, एवढ्यासाठीच ही झाडलोट आहे.